कुठेही चालेल, फक्त तुमच्याकडे नाही

तात्या सरकारी कामांचे छोटे कंत्राटदार आहेत. गटारं, शाळेची संरक्षक भिंत, अंगणवाडीचं छप्पर, असली कामं घेतात. त्यांच्या मुलाने घरातला आठ वर्षांचा लॅपटॉप भंगारात न काढता त्यावर लिनक्स मिंट ही मुक्त (कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी अशी) ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, आणि तात्यांनी दोन वर्षं बिलं, पत्रं, बँक असं सगळं त्यावर विनातक्रार केलं. एका टेंडरची मुदत दुपारी तीनला संपत होती. बयाणा रक्कम भरलेली, कागद स्कॅन केलेले, डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण) खिशात. पोर्टल म्हणालं, सही करायला आमचा छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्या. उतरवला. नावाच्या शेवटी ‘डॉट ईएक्सई’ होतं, म्हणजे विंडोजचा. मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलाने अगदी आपुलकीने सांगितलं, “सर, आपलं सॉफ्टवेअर जावामध्ये आहे, ते कुठेही चालतं. तुम्ही फक्त विंडोजवरून करा.”

तात्यांनी स्कूटर काढली आणि एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्स-सायबरच्या दुकानात गेले. दुकानातल्या पोराने टोकन लावलं, पिन विचारला, तात्यांनी सांगितला. पावणेतीनला टेंडर गेलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ही सही हातच्या सहीइतकीच माणसाला बांधून घेते. कोऱ्या चेकवर सही करा आणि दहा मिनिटं त्या दुकानात ठेवून या, असं मी म्हटलं असतं तर तात्या माझ्या अंगावर धावून आले असते. इथे त्यांनी जवळजवळ तेच केलं, आणि ते करायला त्यांना एका सार्वजनिक सेवेने लावलं.

मदतकेंद्रातल्या मुलाचं वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. हसण्यासारखं आहे, पण तो खोटं बोलत नव्हता. जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, आणि ती खरोखरच कुठेही चालते. मग तो प्रोग्रॅम तात्यांच्या टेबलापर्यंत येताना कुठे अडला?

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जगापुढे आणली ती २३ मे १९९५ ला. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ ही तिची घोषणा. त्यामागची युक्ती साधी आहे. सी भाषेतला प्रोग्रॅम संकलित (कंपाइल) केला की तो थेट एका विशिष्ट प्रोसेसरच्या आणि एका विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमच्या बोलीत उतरतो. दुसरीकडे न्यायचा तर पुन्हा संकलन, आणि बऱ्याचदा दुरुस्त्या. जावाचा प्रोग्रॅम मात्र अधल्यामधल्या एका बोलीत, बाइटकोडमध्ये, उतरतो. ती बोली समजणारं एक आभासी यंत्र प्रत्येक संगणकावर असलं की झालं. धान्य कोणत्याही गावाला नेता येतं तसं बाइटकोडचं आहे. पण दळायला त्या गावात जातं लागतं. जातं कोणी बसवायचं, कोणाच्या परवानगीने बसवायचं, आणि बिघडलं तर टाकी कोणी लावायची, हे धान्याच्या पोत्यावर लिहिलेलं नसतं.

जावाचा तीस वर्षांचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात या जात्याच्या मालकीचा इतिहास आहे, आणि तो सर्वांत जास्त सोसला तो मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी. लिनक्ससाठी जावा आणली ती ब्लॅकडाउन नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने. सनकडून करारावर मूळ कोड घ्यायचा, तो लिनक्सवर चालता करायचा, रात्री जागायच्या. डिसेंबर १९९९ मध्ये सनने लिनक्ससाठीची जावा २ जाहीर केली ती इनप्राइज कंपनीसोबत, आणि जाहीर करताना ब्लॅकडाउनचं नावच घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा माफी मागितली. लग्न घरचं आणि पंगतीत वाढपी विसरले, असा तो प्रकार.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची कथा मला जास्त जवळची, कारण ती मी भोगली आहे. २००४-०५ च्या सुमारास माझ्या घरच्या सेलेरॉन मशिनवर फ्रीबीएसडी होतं आणि मला जावा शिकायची होती. फ्रीबीएसडीमध्ये कोणताही प्रोग्रॅम घालायला एक आज्ञा पुरते. कोड आपोआप उतरतो, संकलित होतो, बसतो. जावाची आज्ञा दिली की मात्र पडद्यावर एक निरोप यायचा: अमुक संकेतस्थळावर स्वतः जा, परवाना मान्य करा, ही ही फाइल उतरवा, अमुक फोल्डरमध्ये ठेवा आणि मग पुन्हा आज्ञा द्या. सनच्या परवान्यामुळे तो कोड फ्रीबीएसडीला स्वतः वाटता येत नव्हता. बघायला मोकळा, द्यायला नाही. बरं, फाइल ठेवली तरी संपलं नाही. जावाचा बराचसा भाग जावातच लिहिलेला असल्याने जावा बांधायला आधी जावा लागते. ती कुठून आणायची? लिनक्सची. म्हणजे आधी फ्रीबीएसडीवर लिनक्सची नक्कल करणारा थर चढवायचा, त्यावर लिनक्सची जावा बसवायची, तिच्याकडून फ्रीबीएसडीची जावा बांधून घ्यायची, आणि मग ती लिनक्सची जावा काढून टाकायची. हे सगळं रात्रभर चालायचं. लोडशेडिंगचे दिवस होते. माझं संकलन दोनदा अर्ध्यावर मेलं; तिसऱ्यांदा मी मित्राच्या ऑफिसमध्ये, यूपीएसच्या आश्रयाला, मशिन घेऊन गेलो.

तयार बांधलेली जावा फ्रीबीएसडीवाल्यांना अधिकृतपणे मिळायला काय लागलं? तंत्रज्ञान स्वयंसेवकांनी कधीच सिद्ध केलं होतं. लागला तो करार. एखाद्या जात्याला ‘जावा’ म्हणायचं तर त्याने सनचा कसोटीसंच पार करायचा, आणि तो संच फक्त करार करणाऱ्यालाच मिळायचा. करार करायला कायद्याच्या नजरेत अस्तित्व असलेली संस्था लागते. मेलवर भेटणारे पन्नास हौशी लोक चालत नाहीत. शेवटी फ्रीबीएसडी फाउंडेशनने सही केली आणि त्यातून ‘डायब्लो’ नावाने तयार जावा मिळू लागली. जावा ५ ची आवृत्ती २००६ मध्ये आली. कुठेही चालणाऱ्या भाषेला एका उत्तम ऑपरेटिंग सिस्टिमवर पोचायला वकील लागले.

या काळात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांपुढे एक गुंता होता. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी एप्रिल २००४ मध्ये त्याला सापळा म्हटलं: तुम्ही तुमचा प्रोग्रॅम मुक्त परवान्याने दिलात तरी तो चालायला बंदिस्त जावा लागत असेल, तर मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याचा उपयोग शून्य. तेव्हा अनेकांना हे कर्मठपणाचं वाटलं. मलाही वाटलं होतं. जावा फुकट मिळते ना, मग कशाला सोवळं? पुढच्याच वर्षी ओपनऑफिस या मुक्त ऑफिस-संचाच्या दुसऱ्या आवृत्तीने काही सोयींसाठी जावा वापरायला सुरुवात केली आणि लिनक्सचे तयार संच वाटणाऱ्या वितरणवाल्यांची पंचाईत झाली. फेडोरा या लिनक्स वितरणवाल्यांनी सनच्या जावाला हात न लावता जीसीजे हा जीएनयूचा संकलक वापरून ओपनऑफिसचा जावातला भाग आणि एक्लिप्स हे प्रोग्रॅम लिहायचं साधन बांधून दाखवलं. कॅफे, क्लासपाथ, जीसीजे, आणि २००५ पासून अपाची फाउंडेशनचं हार्मनी, असे जावाची प्रतिसृष्टी उभारण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं चालले. किती माणसांची किती वर्षं गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आधीच असलेली गोष्ट पुन्हा लिहिण्यात ती गेली, केवळ ती वाटण्याची परवानगी नव्हती म्हणून.

पायथन या भाषेच्या बाबतीत असलं काहीच झालं नाही. १९९१ मध्ये बाहेर पडल्यापासून तिचा कोड कोणालाही घेता, बदलता, वाटता येत होता. त्यामुळे रेड हॅट या लिनक्स कंपनीने आपला इन्स्टॉलरच पायथनमध्ये लिहिला. ऑपरेटिंग सिस्टिम मशिनवर बसायच्या आधी तिथे पायथन हजर असे.

सनचं मन वळलं १३ नोव्हेंबर २००६ ला. त्या दिवशी आभासी यंत्र आणि संकलक जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले झाले, २००७ च्या मे महिन्यात उरलेल्या तयार कोडच्या ग्रंथालयाचा (लायब्ररीचा) बहुतेक भाग. ‘बहुतेक’ या शब्दात मेख होती. सुमारे चार टक्के कोड सनचा नव्हताच. इतरांकडून विकत किंवा करारावर घेतलेला होता. त्यात काय होतं पाहा: अक्षरांचे आकार पडद्यावर रंगवणारा भाग, रेषा-वक्र काढणारा भाग, रंगांचं व्यवस्थापन, थोडा आवाजाचा भाग. म्हणजे इंजिन मोकळं झालं, पण पडद्यावर ‘अ’ काढायला परत दुसऱ्याच्या दारात. रेड हॅटच्या लोकांनी जून २००७ मध्ये आइस्ड-टी नावाचा प्रकल्प काढला (कॉफीच्या नावावरच्या भाषेला चहाने दिलेलं उत्तर) आणि ती भोकं मुक्त कोडने बुजवली. अक्षरांसाठी फ्रीटाइप आलं, रंगांसाठी लिटल सीएमएस. जून २००८ मध्ये फेडोरा ९ वर तो बांधणीसंच अधिकृत कसोट्या पार करून गेला. १९९५ च्या घोषणेपासून मोजलं तर तेरा वर्षांनी, संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर संपूर्ण मुक्त जावा.

मराठी वाचकाला यात वेगळा स्वारस्याचा मुद्दा आहे तो अक्षरांचा. पडद्यावर देवनागरी दाखवणं म्हणजे फक्त आकार रंगवणं नव्हे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, जोडाक्षरं घडवावी लागतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. मराठीत शिवाय ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ मधला पापणीसारखा अर्धा र आहे, जो हिंदीला लागत नाही आणि म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या चाचण्यांतून हमखास निसटतो. जावाची अक्षरजुळणीची यंत्रणा बरीच वर्षं वेगळी, आयसीयू नावाची, होती. त्यामुळे फायरफॉक्समध्ये नीट दिसणारा शब्द त्याच मशिनवर जावाच्या खिडकीत तुटलेला दिसू शकायचा. आमच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेच्या पावतीवर ‘दुसऱ्या हप्त्याची’ मधला र कायम सुटून पडलेला असायचा, आणि कॅशियरबाई तो पेनाने जोडून द्यायच्या. २०१७ मध्ये जावा ९ ने ती यंत्रणा बाजूला सारून हार्फबझ हे मुक्त इंजिन घेतलं. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड सगळे तेच वापरतात. आता देवनागरीची एखादी चूक कोणी एका ठिकाणी दुरुस्त केली की ती सगळीकडे पोचते. जातं खुलं असण्याचा अर्थ मला कॅशियरबाईंच्या त्या पेनापेक्षा चांगला सांगता येणार नाही.

२०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली आणि खुल्या परवान्याची खरी परीक्षा सुरू झाली. हार्मनीला कसोटीसंच निर्बंधांशिवाय देण्याचा वाद आधीपासून होता. तो मिटला नाही, डिसेंबर २०१० मध्ये अपाचीने जावाच्या कार्यकारी समितीतून राजीनामा दिला आणि वर्षभरात हार्मनी बंद पडलं. गूगलवर अँड्रॉइडमधल्या जावावरून खटला झाला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ एप्रिल २०२१ ला सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने संपला. आपल्याकडच्या कार्यालयांना खरा चटका बसू शकतो तो परवान्यांचा. एप्रिल २०१९ पासून ओरॅकलच्या स्वतःच्या जावा बांधणीच्या नव्या सुधारणा व्यावसायिक वापरासाठी सशुल्क झाल्या. नंतर काही आवृत्त्या फुकट झाल्या, त्यांनाही मुदती लागल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये नवं दरपत्रक आलं: पैसे संस्थेच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर. जावा किती जण वापरतात याला महत्त्व नाही. लहान संस्थांसाठी तेव्हा यादीतला भाव होता माणशी महिना १५ डॉलर. पाचशे माणसांची एखादी सहकारी बँक धरा. शिपायापासून अध्यक्षांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे मोजून वर्षाला ९०,००० डॉलर.

ही बँक ते पैसे देणार नाही, आणि त्याचं कारण २००६ सालचा तो परवाना आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या भांडारातली ओपनजेडीके (खुल्या झालेल्या जावाचं नाव), एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखालची टेमुरिन, अ‍ॅमेझॉनची कोरेटो, सगळी त्याच कोडची बाळं. मालक बदलला, दर बदलले, तरी जातं गावाचं राहिलं. याच खुलेपणामुळे २०२१ मध्ये जावा १६ आल्पाइन लिनक्ससारख्या निराळ्या घडणीच्या वितरणावर अधिकृतपणे पोचली आणि २०२२ मध्ये जावा १९ सोबत रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरांवर. रिस्क-फाइव्ह हे नाव आपल्याकडे लांबचं वाटायला नको; मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा वेगा हे देशी प्रोसेसर त्याच रचनेचे आहेत. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक एका हाताने वर्षानुवर्षं पोरांना पदविका अभ्यासक्रमात जावा शिकवते, दुसऱ्या हाताने प्रोसेसर घडवते आणि बॉस नावाचं लिनक्सही काढते. या तिन्ही गोष्टी एकत्र चालायला आज कोणाच्या वकिलाला फोन करावा लागत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या जावासारख्याच मंचाने हाच रस्ता उशिरा धरला. मोनो या प्रकल्पाच्या लोकांनी २००४ मध्येच त्याची मुक्त प्रतिकृती लिनक्सवर आणली होती. मायक्रोसॉफ्टने स्वतः नोव्हेंबर २०१४ मध्ये कोड खुला केला आणि २०१६ च्या जूनमध्ये लिनक्सवर चालणारी पहिली आवृत्ती दिली. तिथेही जपून राहावं लागतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कोड बदलताच चालू प्रोग्रॅममध्ये तो दिसण्याची सोय कंपनीने मुक्त साधनांतून ऐनवेळी काढून आपल्या विंडोजवरच्या संपादकापुरती ठेवली होती. लोक चिडले, दोन-चार दिवसांत सोय परत आली. परवाना खुला असला तरी मालकाचा हात कुठे जातो यावर लक्ष ठेवणारे डोळे लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

तर मग तात्या अडले कुठे? जातं आज मोकळं आहे, लिनक्स मिंटवर ते एका आज्ञेत बसतं. अडचण धान्याच्या पोत्यात होती.

त्या संध्याकाळी मी ती ईएक्सई फाइल घेऊन बसलो. ती नावापुरतीच ईएक्सई होती. आत जावाची जार फाइल, बाहेरून विंडोजचं एक पातळ आवरण; दुहेरी टिचकी मारल्यावर वापरणाऱ्याला काही कळू नये म्हणून असं करतात. जार ही झिप फाइलच असते, आणि झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे पुढे विंडोजचा तुकडा चिकटवला तरी जावा ती बिनदिक्कत वाचते. लिनक्सवर थेट ती ईएक्सईच जावाच्या हाती दिली. खिडकी उघडली. मराठीत ‘प्रमाणपत्र निवडा’ असंही आलं, र नीट जोडलेला. आणि मग संदेश: टोकन सापडत नाही.

पोट उघडून पाहिलं तर आत दोन ओळींची एक मजकूर फाइल होती. पहिल्या ओळीत एक नाव. दुसरीत टोकनच्या ड्रायव्हरचा पत्ता: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२, आणि विंडोजपुरत्या एका डीएलएल फाइलचं नाव. जावाचं टोकनशी बोलणं पीकेसीएस ११ नावाच्या जुन्या, जाहीर, सर्वमान्य मानकातून होतं. त्याला फक्त ड्रायव्हर कुठे आहे ते सांगावं लागतं. टोकन बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला होता. म्हणजे भाषा कुठेही चालणारी, मानक कुठेही चालणारं, टोकन दोन्हीकडे चालणारं. एका ओळीने ते सगळं एका खुंट्याला बांधून टाकलं होतं.

ती ओळ लिहिणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या टेबलावर विंडोज होतं, त्याच्याकडे ते चाललं, आणि काम देणाऱ्याने दुसरं काही विचारलंच नाही. विचारायला हवं होतं ते काम देणाऱ्याने. भारत सरकारचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ मध्ये आलं. सरकारी प्रणालींसाठी मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्या, वगळायचं तर कारण द्या, असं ते सांगतं. त्याच वर्षी सरकारी प्रणालींचा कोड खुला करण्याचंही धोरण आलं. ई-प्रशासनातल्या खुल्या मानकांचं धोरण तर २०१० चं. कागद पुरेसे आहेत. पण हे कागद सर्व्हरच्या खोलीत लागू होतात आणि नागरिकाच्या टेबलाशी येऊन संपतात. जगात जावाचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवरच चालतात. तिथे मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम परवडते, भरवशाची वाटते. तीच ऑपरेटिंग सिस्टिम नागरिकाने वापरली की तो ‘असमर्थित’ होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कोणत्याही प्रणालीच्या निविदेत ‘जावामध्ये असावी’ किंवा ‘कोणत्याही मंचावर चालावी’ अशी वाक्यं पुरेशी मानू नयेत. काम ताब्यात घेताना एक यंत्र असं ठेवावं की ज्यावर डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिच्याच भांडारातली ओपनजेडीके आहे, आणि दुसरं काही विकत घेतलेलं नाही. त्या यंत्रावर नोंदणीपासून सहीपर्यंत पूर्ण व्यवहार करून दाखवला, तर शेवटचा हप्ता द्यावा. रस्त्याचं बिल काढायच्या आधी डांबराची जाडी मोजतात तसंच हे. तात्यांच्या प्रत्येक भिंतीचं मोजमाप तपासायला अभियंता येतो. तात्यांनी ज्यावर टेंडर भरलं त्या सॉफ्टवेअरचं मोजमाप कोणी तपासलं?

यावर येणारं पहिलं उत्तर मला पाठ आहे: लिनक्स वापरणारे असे कितीसे आहेत? टेबलावरचे थोडे आहेत, मान्य. पण सहीच चालत नसेल तर ते वाढणार कसे? आणि सार्वजनिक सेवेने डोकी मोजून दार उघडायचं नसतं. एसटीने ‘गाव तिथे एसटी’ म्हटलं तेव्हा गावात तिकिटं किती फाटतील एवढाच हिशेब केला असता तर अर्धा महाराष्ट्र अजून टमटमला लटकत असता. (टमटमला लटकणं थांबलेलं नाही हे मला माहीत आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) इथे तर नवा रस्ताही बांधायचा नाही, आहे त्या रस्त्यावर लावलेला दगड काढायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो आमच्याच गोटातून येतो. लिनक्स म्हणजे एक गाव नाही. पायाभूत ग्रंथालय म्हणून कोणाकडे जुनं ग्लिबसी, कोणाकडे मसल. पडद्याचा कारभार कोणाकडे वेलँड बघतं, कोणाकडे अजून एक्स. पॅकेज देण्याच्या तऱ्हा चार. प्रत्येकावर तपासून द्या म्हटलं तर कोणताही पुरवठादार हात टेकेल, आणि त्याचं चुकणार नाही. फ्रीबीएसडीसाठीचे फेरफार तर ओपनजेडीके खुली झाल्यावरही वर्षानुवर्षं मुख्य कोडच्या बाहेरच राहिले. काही स्वयंसेवक ते दर आवृत्तीला नव्याने जुळवत बसायचे. म्हणून मी फ्रीबीएसडीची अट घाला असं म्हणत नाही. एका प्रमुख घराण्याची अट पुरे. तिथे स्वच्छ चालणारी जार फाइल, सी ड्राइव्हची उठाठेव न करणारी, बाकीचे लोक आपापल्या घरी चालवून घेतात. इतकी वर्षं त्यांनी याहून अवघड गोष्टी चालवल्या आहेत.

आणि आम्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाही एक सांगायला हवं. तात्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना त्यांच्या मुलाने मला विचारलं होतं आणि मी खुशाल ‘टाक’ म्हटलं होतं. वायफाय, प्रिंटर, मराठी कळफलक, सगळं तपासलं. टोकन तपासलं नाही, कारण मला स्वतःला कधी टेंडर भरावं लागत नाही. ‘माझ्याकडे चालतं’ हे वाक्य विंडोजवाल्या मुलाचं एकट्याचं नव्हे. सायबरच्या दुकानात पिन सांगायला तात्यांना पाठवण्यात माझाही वाटा होता, म्हणून तर त्या संध्याकाळी मी जार फाइल उसवत बसलो.

दुसऱ्या ओळीतला पत्ता बदलून लिनक्सच्या ड्रायव्हरचा घातला, जार पुन्हा बांधली, टोकन लावलं. दोन सेकंद काहीच झालं नाही. मग खिडकीत तात्यांचं पूर्ण नाव उमटलं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, प्रमाणपत्रावर असतं तसं, आणि खाली सहीचं बटण हिरवं झालं. पोर्टलवर ही दुरुस्त केलेली जार वापरायचा माझा विचार नव्हता. सही करायची तीही दुपारीच झाली होती. तात्या चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिले.

“यावरून पिन बदलता येतो का रे?” त्यांनी विचारलं.

पिन बदलायचं साधन लिनक्सच्या ड्रायव्हरसोबतच आलेलं होतं. मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि पाठ फिरवून उभा राहिलो.